आठ बोटांची चूक

मेस्त्रींना सगळे ‘ओळंबा’ म्हणत. पाठीमागे म्हणतच, पण तोंडावरही म्हणत. दोरीला टांगलेलं ते लोखंडी वजन भिंत सरळ आहे की नाही हे कोणाची भीड न ठेवता सांगतं, तसाच या माणसाचा स्वभाव. दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी कप हातात घेण्याआधी एक डोळा मिटून दाराची चौकट बघायचे आणि ‘वरून दोन सूत बाहेर आहे’ असं यजमानाला सांगून मोकळे व्हायचे. चहाला बोलावणारी घरं त्यामुळे हळूहळू कमी झाली. जी उरली ती सरळ होती, असं मेस्त्रींचं म्हणणं.

पस्तीस वर्षं त्यांनी भिंती बांधल्या. इंजिनिअर बदलले, ठेकेदार बदलले, विटांची मापं बदलली, मेस्त्री तेच. त्यांच्या बायको घरी शिवणकाम करत. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं मशीन आणि समोरच्या भिंतीवर दोघांचा लग्नातला फोटो, एकमेव. मेस्त्री रुसत फार. चांगले दोन-दोन दिवस तोंड फिरवून बसत. बाई कधी मनवायला गेल्या नाहीत. जाता-येता अंगठ्याने फोटोचा कोपरा जरा ढकलायच्या आणि मशीनवर जाऊन बसायच्या. मेस्त्री पाच मिनिटं दम धरत, फार तर दहा. मग उठून फोटो सरळ करत. पाठमोऱ्या बाई म्हणत, “उठलाच आहात तर तेवढा चहा टाका.” झालं, रुसवा संपला. एकतीस वर्षांचा संसार या एका खिळ्यावर टांगलेला होता म्हणायला हरकत नाही.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बाई दोऱ्याची रिळं आणायला रस्ता ओलांडत होत्या. भरधाव स्कूटरने त्यांना उडवलं आणि डोकं पदपथाच्या दगडी कडेवर आपटलं. बाहेरून पाहावं तर चार टाक्यांची जखम. आत मेंदू सुजत चाललेला. मेस्त्री मोठ्या इस्पितळात पोचले तेव्हा हाताला सिमेंट तसंच होतं, आणि बाई हाक मारली तरी डोळे उघडत नव्हत्या, चिमटा काढला तरी नाही.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई मेस्त्रींच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी मेस्त्रींना, लेकीला आणि मेहुण्यांना एका लहानशा खोलीत बसवलं आणि कागदावर डोक्याचं चित्र काढलं. मेंदू सुजला की त्याला जागा लागते आणि कवटी काही ताणत नाही, हे मेस्त्रींना लगेच समजलं. बाई कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडी जास्तीची माया ठेवत, पुढेमागे उसवून सैल करता यावा म्हणून. कवटीत देवाने तशी माया ठेवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यांत पाणी असतं, तेच पाणी खाली पाठीच्या कण्याभोवतीही खेळतं. कवटीला छोटं भोक पाडून त्या पोकळीत बारीक नळी सोडायची आणि थोडं पाणी बाहेर काढायचं, म्हणजे दाब उतरतो. हे तर करायचंच होतं. प्रश्न पुढचा होता. नळी सतत उघडी ठेवून पाणी थेंब-थेंब जाऊ द्यावं, की बंद ठेवून दाब ठरावीक आकड्याच्या वर गेला तरच उघडावी? दोन्ही पद्धती चालू होत्या, दोन्हींचे अभिमानी होते. इस्पितळ त्यावर अभ्यास करत होतं. घरच्यांची संमती असेल तर कोणाला कोणती पद्धत द्यायची हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार, आणि मग सगळं लिहून ठेवायचं.

मेहुण्यांना घरात ‘साहेब’ म्हणत, कारण ते एका साहेबाचे कारकून होते. ते ताडकन उठले.

“आमची ताई काय उंदीर आहे?”

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “यातली कोणती पद्धत चांगली, हे मला माहीत असतं तर तीच केली असती. तुम्हाला विचारलंही नसतं. मला माहीत नाही.”

साहेबांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. डॉक्टरलाच माहीत नाही म्हणजे दुसरं इस्पितळ बघायचं. मेस्त्रींचं उलट झालं. पस्तीस वर्षांत एकाही इंजिनिअरच्या तोंडून त्यांनी ‘माहीत नाही’ हे शब्द ऐकले नव्हते. छत गळायला लागल्यावरही नाही. ज्या बाईला आपल्याला काय ठाऊक नाही हे इतकं नेमकं ठाऊक आहे, तिच्या हाती आपली बायको सोपवायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी एकच विचारलं: अभ्यासातून मधेच बाहेर पडता येईल का? केव्हाही, असं उत्तर आलं. मेस्त्रींनी सिमेंटच्या बोटांनी सही केली. साहेब चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, तो एक फायदाच झाला.

संगणकाने चिठ्ठी काढली: नळी सतत उघडी.

आयसीयूत एका वेळी एकालाच भेटायला सोडत, दुपारी चार ते साडेचार. मेस्त्री पावणेचारला दाराशी उभे असत. आत बाईंच्या डोक्याला पट्ट्या, तोंडात श्वासाची नळी, चहूकडे वायरी. डोक्यातून निघालेली बारीक नळी पलीकडच्या बाजूला, यंत्रांच्या मागे जात होती. तिचं पुढे काय होतं ते मेस्त्रींच्या खुर्चीवरून दिसत नसे. दिसायच्या त्या मोठ्या सिस्टर. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र गच्चीवरून खाली ऐकू जाईल असा. बाईंना कूस बदलून दिली की त्या लाल ठिपक्याचा एक दिवा धरून बाईंच्या कानाशी रेघ जुळवत आणि मोठ्याने म्हणत, “शून्य कानाला.” कानाच्या भोकाच्या पातळीत मेंदूतली पोकळी असते म्हणून तिथून मापायचं. मेस्त्रींच्या जिवात जीव येई. इथे पातळी बघून काम चालतं, म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं. बाहेर येऊन ते लेकीला सांगत, “सिस्टर लेव्हल सोडत नाहीत हां.” आईची शुद्ध आली का, हे विचारणाऱ्या लेकीला त्या लेव्हलचं काय कौतुक असणार?

पाचव्या दिवशी चूक झाली.

त्या दुपारी वॉर्डातल्या मावशींनी बाईंची चादर बदलली होती आणि खाट जरा फिरवून लावली होती. नळीचं स्टँड आता मेस्त्रींच्या बाजूला आलं होतं. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांना ते जवळून दिसलं: एक उभी पट्टी, तिच्यावर आकडे, आणि पट्टीला स्क्रूने घट्ट बसवलेलं एक पारदर्शक नळकांडं. त्यात पाणी थेंब-थेंब पडत होतं. मेस्त्रींनी एक डोळा मिटला. नळकांडं कानाच्या पातळीत नव्हतं. चांगलं आठ बोटं वर होतं.

आता इथे दुसरा कोणी असता तर घाबरून गप्प बसला असता, किंवा ओरडला असता. मेस्त्रींच्या मनात आलं ते एवढंच, की मावशींनी खाट फिरवली आणि लेव्हल लावायची राहिली. माणसाचं होतं असं. त्यांनी स्क्रू ढिला केला, नळकांडं आठ बोटं खाली घेतलं, कानाच्या रेषेत आणलं, स्क्रू आवळला आणि लांबून एकदा बघून खात्री केली. थेंब भराभर पडायला लागले. पाणी जातंय, म्हणजे दाब उतरतोय. मेस्त्री खुर्चीवर बसले आणि बायकोचा हात हातात घेतला. पाच दिवसांत पहिल्यांदा आपण हिच्यासाठी काहीतरी केलं, असं त्यांना वाटलं. हे पुढे आठवलं की त्यांना घाम फुटे.

साडेचारला सिस्टर नोंद घ्यायला आल्या. त्यांनी नळकांड्याकडे पाहिलं आणि आधी नळीची तोटी बंद केली. तासाला आठ-दहा मिली जायचं तिथे पंचवीस मिनिटांत चाळीस मिली गेलं होतं. पाणी हवं तेवढंच काढायचं असतं. जास्त गेलं तर पोकळ्या मिटतात, सुजलेला मेंदू ओढला जातो, एखादी शीर तुटली की सगळं संपलं. हे सिस्टरांनी तेव्हा समजावलं नाही, वेळच नव्हता. त्यांनी डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला, स्कॅनची तयारी करायला सांगितली आणि मग वळून विचारलं,

“कुणी हात लावला याला?”

मावशी हातात मळकी चादर घेऊन दाराशी उभ्या होत्या. सगळ्यांची नजर त्यांच्याकडे गेली. खाट त्यांनीच फिरवली होती, सगळ्यांनी पाहिलं होतं. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब त्या दिवशी नेमके भांडण मिटवायला आले होते. काचेच्या दारातून त्यांनी मेस्त्रींचं तोंड पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं; कारकुनाला चूक कुठे झाली ते चेहऱ्यावरून समजतं. दार ढकलून ते मेस्त्रींच्या कानाशी आले आणि पुटपुटले, गप्प राहा, चादर बदलताना धक्का लागला असेल, त्यांचं ते बघून घेतील, नाहीतर तुम्हाला परत आत सोडणार नाहीत.

साहेबांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. दिवसातला तो अर्धा तास गेला असता तर मेस्त्रींकडे उरलं काय असतं? त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा मावशींच्या हातातल्या चादरीकडे.

“मी,” ते म्हणाले. “मी खाली घेतलं. चार वाजून पाच मिनिटांनी. आठ बोटं.”

बाईंना स्कॅनला नेलं. मेस्त्री बाहेर बाकावर बसले. लेक शेजारी रडत होती, आणि बाबांवर चिडावं की बाबांना धरावं हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिने दोन्ही केलं. साहेब येरझारा घालत ‘मी सांगत होतो’ म्हणत होते, खरं तर त्यांनी वेगळंच सांगितलं होतं. चाळीस मिनिटांनी डॉक्टरीणबाई आल्या. रक्तस्राव नव्हता. पोकळ्या थोड्या बारीक झाल्या होत्या, भरून येतील. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बघावं लागणार होतं.

मेस्त्री उभे राहिले आणि म्हणाले, मला हाकला, पण तिला अभ्यासातून काढू नका.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाली बसवलं आणि आठ बोटं म्हणजे नक्की किती, ते विचारलं. मेस्त्रींनी बाकाच्या पाठीवर बोटं टेकवून दाखवली. डॉक्टरीणबाईंनी खिशातून पट्टी काढून मोजलं. बरोबर पंधरा सेंटिमीटर. नळकांडं पंधरावरच लावलेलं होतं.

“माझी शिकाऊ मुलं इतकं नीट मोजत नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वेळ आणि माप लगेच सांगितलंत म्हणून नक्की काय झालं ते आम्हाला कळलं. लपवलं असतंत तर आम्ही नसत्या रोगाच्या मागे लागलो असतो.”

अभ्यासाच्या वहीत त्या तासापुढे एक ओळ गेली: ‘नातेवाइकाने नळकांडे १५ सेंमी खाली घेतले. २५ मिनिटे. नातेवाइकाने स्वतः सांगितले.’ ती ओळ डॉक्टरीणबाईंनी मेस्त्रींना वाचून दाखवली. चूक असली तरी लिहायची, कोणाचं नाव घालायचं नाही, पण लिहायचीच, नाहीतर सगळा अभ्यास खोटा. मेस्त्रींना ही रीत फार आवडली. बांधकामात चुकीवर गिलावा मारतात. मन भरून आलेलं होतं, त्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंना भिंतीवरच्या फोटोची सगळी गोष्ट सांगून टाकली: आपल्याला वाकडं का बघवत नाही, आणि ही त्याचा कसा फायदा घेते ते. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, नुसत्या ऐकत राहिल्या. मेस्त्रींनी त्यांना मनोमन जन्माचा नमस्कार घातला तो तेव्हा.

सिस्टरांनी मात्र सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी मेस्त्रींना स्टँडपुढे उभं केलं.

“घराच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप कुठे लावता?”

“वर.”

“तळाला लावला तर?”

“टाकी रिकामी होईल.” आणि मेस्त्रींनी कपाळावर हात मारला. शून्य कानाला असतं ते मोजायला, आणि नळकांडं वर असतं ते ओव्हरफ्लो म्हणून. दाब त्या उंचीच्या वर गेला तरच पाणी सांडणार. शेकडो टाक्यांना पाइप लावलेला माणूस, आणि बायकोच्या डोक्याला तळाला पाइप लावून बसला.

“आता रोज बघायचं,” सिस्टर म्हणाल्या. “काही चुकलंसं वाटलं तर तोंड वापरायचं. हात नाही.”

पुढच्या सहा दिवसांत मेस्त्रींनी तीनदा तोंड वापरलं. दोनदा ते स्वतःच चुकले होते आणि सिस्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तिसऱ्यांदा खाटेची उशाकडची बाजू वर केल्यावर शून्य खरंच दोन बोटं खाली राहिलं होतं. सिस्टरांनी तोटी बंद केली, ते लावलं आणि तोटी उघडली. त्यांच्याकडची शाबासकी ती एवढीच. वॉर्डात सगळ्या स्टँडवर ठळक अक्षरांची पाटी लागली: ‘नातेवाइकांनी हात लावू नये.’ मावशी जाता-येता ती पुसत आणि मेस्त्रींना म्हणत, “तुमचं नाव घालायचं राहिलं बघा, मेस्त्री.” त्याच मावशी साडेचार वाजून गेले तरी त्यांना पाच मिनिटं आत राहू देत, आणि पडद्याआड काहीतरी फार महत्त्वाचं काम असल्यासारखा वेळ काढत.

अकराव्या दिवशी दाब खाली राहायला लागला आणि नळी काढली. सोळाव्या दिवशी बाईंनी डोळे उघडले. कोणाला ओळखलं असं नाही, पण उघडले. तीन आठवड्यांनी त्यांनी लेकीचं बोट घट्ट धरलं. पुढे बसणं, गिळणं, उभं राहणं, सगळं पहिल्यापासून. अडीच महिन्यांनी मेस्त्री त्यांना घरी घेऊन आले. घरी आणल्यावर खरी परीक्षा असते, हे इस्पितळात कोणी सांगत नाही. बाई बोलत कमी, शब्द शोधावा लागे. डाव्या हाताची पकड गेलेली. मशीनपाशी नुसत्या बसून राहत. मेस्त्रींकडे बघत, पण एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडे बघावं तसं. भिंतीवरचा फोटो महिनोन्महिने सरळ होता. इतका सरळ, की मेस्त्रींना त्याच्याकडे बघवेना.

सहा महिने झाल्यावर अभ्यासातर्फे फोन आला. बोलणारी मुलगी नवी होती, आणि तिने आधीच बजावलं की बाईंची नळी कशी ठेवली होती ते मला सांगायचं नाही. मला कळलं तर माझा कल एकीकडे जाईल. मेस्त्रींना पटलं. आपण काय केलं ते सांगायची ज्याला सवय, त्याला गप्प बसणं जड जातं, पण बसले.

प्रश्न सुरू झाले आणि मेस्त्री पेचात सापडले. कोणाकोणाचे किती उपकार. सही करताना ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या त्या डॉक्टरीणबाई, सिस्टर, मावशी, आणि त्यांच्याही आधी ज्यांच्या डोक्यांतला दाब कोणीतरी तासातासाला लिहून ठेवला ती कुठली कुठली माणसं. या सगळ्यांना गोड वाटेल असं उत्तर द्यावं, असं त्यांच्या जिभेवर आलं. सगळं उत्तम, पूर्वीसारखं. एका शब्दाचं काम होतं. खरं तर त्या सकाळी ते रुसून बसले होते. बाईंनी औषधाची गोळी थुंकली होती आणि दोघांचं वाजलं होतं. पण ओळंबा म्हणवून घ्यायचं आणि आठ बोटं इकडेतिकडे करायची, हे होईना.

एकटी दुकानात जाते का? नाही. शिवते? सरळ दुमड घालते, तीही मी कापड धरलं तर. विसरते? हो. चिडते? हो, आज सकाळीच. पूर्वी घरातल्यांशी जसं वागायच्या, तसं वागतात का? मेस्त्री नाही म्हणाले. ओळखते, पण पूर्वीसारखं नाही.

मुलगी लिहून घेत होती. मेस्त्रींनी मान वर केली.

फोटो वाकडा होता. डावा कोपरा चांगला खाली गेलेला. सकाळी सरळ होता, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाई मशीनपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर, काही संबंध नसल्यासारख्या.

“शेवटचं उत्तर बदलायचं आहे,” मेस्त्री फोनमध्ये म्हणाले. “लिहा, भिंतीवरचा फोटो आज वाकडा आहे. दोन बोटं.”

तिला काही समजलं नाही. असं उत्तर लिहायला जागा नाही, म्हणाली. शेऱ्यात लिहा, मेस्त्रींनी सांगितलं, शेऱ्याला जागा असते, मला ठाऊक आहे. आणि वाचून दाखवा. तिने वाचलं: नातेवाईक म्हणतात, भिंतीवरचा फोटो आज दोन बोटं वाकडा आहे.

“बरोबर. हे डॉक्टरीणबाईंना दाखवा. त्यांना समजेल.”

फोन ठेवून ते उठले आणि भिंतीपाशी गेले. हात वर नेला आणि तसाच खाली आणला. मागे बाई शब्द शोधत होत्या. मेस्त्री वळले नाहीत, थांबले. हल्ली थांबायला लागायचं.

“उठलाच आहात,” बाई म्हणाल्या. पुढे बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, “चहा.”

मेस्त्री चहा टाकायला गेले. फोटो तसाच राहिला.